नाव यायचं आहे

झाकण हातातून निसटलं. साखरेच्या डब्याचं, स्टीलचं. फरशीवर पडून ते कडेवर उभं राहिलं, गोल गोल फिरलं, आणि फिरता फिरता आपलाच आवाज वाढवत नेऊन शेवटी थरथरत आडवं झालं. मी त्याच्यावर पाऊल ठेवलं, पण उशिरा. आतल्या खोलीत आसावरीने कूस बदलली, पंख्याखाली चादर खसफसली, एक छोटासा हुंकार, आणि मग पुन्हा तीच दुपार. तिची दुपारची झोप म्हणजे माझं ऑफिस. सकाळी ती बालवाडीत असते तेव्हा मीटिंगा, दुपारी ती झोपली की खरं काम, आणि ह्या दोन्हींच्या फटीत चहा. डब्यात साखर नव्हती. मुकुल सकाळी संपवून गेला असणार. आणि जाताना डबा पुसून, झाकण लावून, फळीवर चहापत्तीच्या शेजारी त्याच्या जागी ठेवून गेलेला. माझा नवरा साखर आणायला विसरतो, डबा जागेवर ठेवायला विसरत नाही. डब्याच्या तळाशी कडेला थोडे कण चिकटले होते, बोटाला लागतील पण चमच्याला लागणार नाहीत असे. ह्याच डब्यावरून आमच्या ऑफिसातल्या उत्तराताईंनी मला एकदा एक गोष्ट समजावली होती, डोंबिवलीच्या ह्याच स्वयंपाकघरात उभं राहून, आणि मी ती आठवायला लागणार एवढ्यात ओट्यावरचा फोन थरथरत सरकायला लागला. कलावती सिस्टर. हे नाव स्क्रीनवर दिसलं की मी अजूनही आधी आसावरीच्या खोलीकडे बघते. चार वर्षं झाली, तरी.

कलावती सिस्टर कल्याणच्या एका हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात असतात. आसावरी जन्मली ती तिथेच, दोन महिने आधी, आणि तिचे पहिले कितीतरी दिवस ह्या बाईच्या हातांत गेले. त्या कक्षातल्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतात ते आमच्या कंपनीचं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यामुळे काही अडलं की त्या हेल्पलाइनला फोन करत नाहीत, मला करतात. "तिथं गाणं वाजत बसतं ओ," त्या म्हणतात. आत्ताही त्यांनी कशा आहात वगैरे काही विचारलं नाही. "ऋजुताताई, सेव्हच होत नाय ओ. वजन टाकलं, किती एमएल ते टाकलं, सेव्ह दाबलं की लाल पट्टी येते." मी विचारलं, सगळ्यांचंच की एकाचंच? "दोघांचं होतंय, ह्या एकाचं होत नाय. काल रात्रीचं बाळ आहे. फीडची वेळ येते आता. लेबल निघालं नाय तर खिडकीवाली बाटली देत नाय." ती खिडकी मला माहीत आहे. तिच्यापलीकडे शीतकपाटात दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध असतं, निर्जंतुक करून, बाटल्यांत भरून. ज्यांच्या आयांना अजून दूध उतरलेलं नाही अशा मुठीएवढ्या पोरांसाठी. कुठली बाटली कुणाची, हे कॉम्प्युटरमधून निघालेल्या लेबलावर असतं, आणि लेबलाशिवाय बाटली बाहेर येत नाही हा नियम आम्हीच त्या सॉफ्टवेअरमध्ये पक्का बसवला. चुकीचं दूध चुकीच्या बाळाला जाऊ नये म्हणून. आणि आता त्याच नियमाने एक बाळ खिडकीच्या अलीकडे उपाशी. मी लॅपटॉप उघडता उघडता विचारलं, "सिस्टर, ज्या दोघांचं होतंय त्यांची बारशी झालीयत का?" पलीकडे यंत्रांची पिपपिप चालू होती. "हो, त्यांची झाली. इथंच केली, काचेबाहेरून. पण त्याचा काय संबंध?"

संबंध मला दिसला होता, आणि दिसल्याबरोबर तळपायांना फरशीचा गारवा जाणवला, चप्पल न घालता उभी होते म्हणून असेल. "मग मी नावात नुसतं 'बाळ' टाकू का?" सिस्टर म्हणाल्या. "काहीतरी टाकलं की होईल ना?" होईल, झालं असतं. माझ्या तोंडात 'टाका' हा शब्द आलाही होता. पण त्यांच्या मागून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "ए बाय, काय लिवू नको तिथं! पाचवी पुजली नाय अजून, बारसं तर लांबच. नावाच्या जागी काय म्हंजे काय लिवायचं नाय!" सिस्टर फोनवर हात ठेवून कुजबुजल्या, "आजी आहे त्याची. सकाळपासून काचेला चिकटून उभीए. मला जागची हलू देत नाय, स्क्रीनवर नजर." मग जरा थांबून, "आणि ताई, संध्याकाळी अजून एक येतंय भिवंडीवरून. त्याचंपण नाव नसणार. दोन दोन 'बाळ' झाले तर?" दोन 'बाळ', दोन लेबलं, एक खिडकी. मी म्हटलं, काही टाकू नका. आजींना सांगा कुणी काही लिहिणार नाही. मला थोडा वेळ द्या. "थोडा म्हणजे?" "फीडच्या आधी." असं म्हणून मी फोन ठेवला, आणि मग लक्षात आलं की हे मी आसावरीच्या झोपेच्या भरवशावर बोलले आहे, जी माझ्या हातात नाही.

फॉर्म आणि डेटाबेस ह्यांच्यामध्ये एक फाइल असते. आम्ही तिला मॅपिंग फाइल म्हणतो. फॉर्मवर जे भरलं जातं ते डेटाबेसच्या कुठल्या खान्यात जाऊन बसायचं, नोंद बदलायची असेल तर काय बदलायचं आणि कुणाची, हे सगळं त्या फाइलीत वाक्यांसारखं लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक वाक्यात जागा सोडलेल्या असतात: इथे वजन येईल, इथे वेळ, इथे नाव. आता ह्या जागांमध्ये काय प्रकारचं येणार आहे, आकडा, तारीख की अक्षरं, हे सांगितलंच पाहिजे असं नाही. आत जे येतं त्याच्याकडे बघून यंत्रणा स्वतःच ओळखते. चौदाशे ग्रॅम दिसलं की आकडा. 'सुश्रुत' दिसलं की अक्षरं. पण जागा रिकामी आली तर? बघायला काहीच नाही, तर ओळखणार कशावरून? मग ती त्या रिकामेपणाच्या कपाळावर 'इतर' असा शिक्का मारते आणि पुढे ढकलते, आणि आमचा डेटाबेस त्या 'इतर'ला दारातूनच परत पाठवतो. म्हणतो, हा प्रकार मला माहीत नाही. अगदी तेच माझ्यासमोर स्क्रीनवर लाल अक्षरांत होतं. काल रात्री जन्मलेल्या एका जिवाचं अजून न ठेवलेलं नाव: इतर. उत्तराताईंनी लिहिलेल्या फाइलीत हे कधी झालं नव्हतं. त्यांच्या फाइलीत प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आत काय येणार ते लिहिलेलं असे, आणि वाक्याच्या आत प्रत्येक जागेपाशी पुन्हा: हा आकडा, ही तारीख, ही अक्षरं. भरलेली येवोत की रिकामी. आमची टीम ह्यावर हसायची. त्यांना मागून 'प्रकारवाल्या काकू' म्हणायचे. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकदा देवेशने त्यांना विचारलं होतं, "मॅडम, काय घेणार?" आणि त्या म्हणाल्या, "चहा." मग त्यांनी त्याला विचारलं, तू? तो म्हणाला, काहीही चालेल. "काहीही हा प्रकार नाही, देवेश," त्या म्हणाल्या. "प्यायचं की खायचं, तेवढं तरी सांग." सगळे हसले, त्याही हसल्या, आणि देवेशला शेवटी वडा मिळाला.

देवेश आता आमचा लीड आहे. चांगला मुलगा आहे, ओरडत नाही, माझ्या अर्ध्या दिवसाच्या कामाबद्दल वर भांडून आलेला आहे. त्याला फाइली स्वच्छ आवडतात. उत्तराताई निवृत्त झाल्यावर त्याने त्यांच्या फाइलींमधली ही सगळी प्रकारांची भरताड हळूहळू काढायला घेतली होती, आणि बाळांच्या नोंदीची फाइल आज सकाळीच नव्याने गेलेली. मी फोन केला तर मागे हॉर्नचा गदारोळ. "अगं बोल, मी ट्रॅफिकमध्येच आहे, कासारवडवलीला. अर्धा तास झाला, हललो नाहीये." मी सांगितलं. तो म्हणाला, "पण मी टेस्ट केलेलं गं! सगळं हिरवं आलेलं, तूपण बघितलेलंस." मी विचारलं, कुठल्या बाळांवर टेस्ट केलेलंस? "अगं ती आपलीच. आर्यन, सुश्रुत, संचिता... टीममधल्या पोरांचीच नावं टाकलेली सगळ्यांनी, गंमत म्हणून. तुझी आसावरीपण आहे त्यात." मी म्हटलं, "देवेश, तुझ्या टेस्टमधल्या सगळ्या बाळांची बारशी झालेली होती." एक हॉर्न लांबलचक वाजला. "शिट्," तो म्हणाला, आणि मग हसला, आणि मग हसणं अर्ध्यावर तोडून, "शिट् यार, ऋजुता. ते बाळ खरंच उपाशी आहे का?" जुनी फाइल जशीच्या तशी परत लावता येत नव्हती, सकाळपासून नव्या खान्यांत नोंदी पडल्या होत्या, त्या लटकल्या असत्या. "एक काम कर ना," तो म्हणाला, "सेटिंगमध्ये एक ओळ टाक, की रिकामं आलं की त्याला नुसतं रिकामं समज, सगळीकडे. प्रत्येक जागेवर लिहीत बसू नकोस. होईल बहुतेक. मी इथून, गाडीतूनच, मंजूर करतो." एक ओळ. मी ती लिहिलीसुद्धा. कर्सर त्या ओळीच्या शेवटी उघडझाप करत होता आणि मी त्या 'बहुतेक'कडे बघत बसले होते.

आमच्यात सगळं 'बहुतेक'वर चाललेलं असतं, आणि एरवी मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या कक्षात उभं राहिलेल्या माणसाला बहुतेक हा शब्द ऐकवत नाही. डॉक्टर रोज सकाळी यायचे, आणि काचेच्या पेटीवरच्या कार्डाकडे बघून बोलायचे, माझ्याकडे नाही, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य ह्याच शब्दाने सुरू व्हायचं. बहुतेक. कार्डावर लिहिलेलं होतं, 'ऋजुता यांचे बाळ', आणि खाली 'नाव' म्हणून एक रेघ, कोरी. बघायला येणारा प्रत्येकजण त्या रेघेपाशी अडखळायचा. "काय ठेवणार नाव?" असं कुणी विचारायचं, आणि कुणी विचारायचं टाळायचं, आणि टाळलेलं मला जास्त ऐकू यायचं. घरचे म्हणायचे, घाई नको, घरी आल्यावर ठेवू. 'आल्यावर' म्हणताना आवाज जरा उंच व्हायचा. एका दुपारी उत्तराताई आल्या. नौपाड्याहून, ऑफिसला सुट्टी टाकून, हातात पोह्यांचा डबा, झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने 'पोहे, तिखट नाही'. मला आत्ता हसू येतंय, पण तेव्हा ते तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले होते, कारण कित्येक दिवसांत कुणी मला असं सरळ, पूर्ण सांगितलेलं ते पहिलंच काहीतरी होतं. त्या काचेपाशी उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, कार्ड वाचलं. मी आतल्या आत ताठ झाले. आता काय विचारणार? त्यांनी काहीच विचारलं नाही. एखादी फाइल मोठ्याने वाचावी तशा, स्वतःशीच म्हणाल्या, "ऋजुताची मुलगी. वजन कमी आहे. नाव यायचं आहे." आणि माझ्याकडे वळून, "पोहे गार होतील." एवढंच. मी भिंतीशी टेकून पोहे खाल्ले. रडले नाही. नाव नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि काय ठेवणार असंही विचारलं नाही. त्या कोऱ्या रेघेवर एक नाव येणार आहे, त्याची जागा तीच आहे, आणि ते अजून आलेलं नाही, इतकंच. मला त्या दिवसापासून रेघेकडे बघता यायला लागलं.

मी त्यांना फोन लावला. खरं तर वेळ नव्हता. पण कधीकधी घड्याळाकडे न बघता ज्याला फोन करायचा असतो त्यालाच आपण करतो. "बोल ऋजुता," त्या म्हणाल्या, आणि मागे कुकरची शिट्टी. मी भराभरा सांगितलं: बाळ, रेघ, 'इतर', देवेशची एक ओळ. त्या मधे बोलल्या नाहीत. त्यांना मधे बोलायची सवयच नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "एका ओळीने चालेल. आमच्या वेळीही ते सेटिंग होतं." मग तुम्ही का नाही केलं ते? "मी नाही केलं," त्या म्हणाल्या, जणू हेच उत्तर. मग, "अगं, तसं केलं तर सगळी रिकामी घरं सारखीच दिसतात. उद्या ती फाइल वाचणाऱ्याला कसं कळणार, इथे काय यायचं होतं? तुला साखरेचा डबा सांगितला होता ना मी? साखर संपली म्हणून तू त्याला नुसता 'डबा' म्हणत नाहीस. म्हणायला लागलीस तर एक दिवस कुणीतरी त्यात मीठ भरेल." मी विचारलं, आणि हे विचारताना मला हवं होतं की त्यांनी हो म्हणावं, "ताई, तुम्हाला तेव्हाच सुचलं होतं का, की तिथल्या बाळांना नावं नसतात? म्हणून नावापाशी लिहिलंत?" "छे गं," त्या म्हणाल्या. "कुठलं सुचतंय! मी सगळीकडेच लिहायचे. नावासाठी म्हणून वेगळं काही केलेलं नाही. थांब हं जरा." फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्यांचे मोठे भाऊ हरिहरदादा त्यांच्याकडेच असतात. अर्धांगानंतर त्यांची वाचा गेली आहे. शब्द तोंडाशी येऊन अडकतात. मला दुरून ऐकू येत होतं. "दादा, काय हवंय? खायचं? ... प्यायचं? ... बरं, वस्तू आहे? ... नाही. माणूस?" मग एक घोगरा, आनंदी आवाज, शब्द नसलेला. "माणूस. बरं. घरातलं? ... बाहेरचं. फोनवरचं? अरे, ही ऋजुता. ठाण्याच्या ऑफिसातली. मुलगी लहान आहे ती." पुन्हा तो आवाज, आता समाधानाचा. त्यांना बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. फक्त नाव यायचं राहिलं होतं, आणि ते उत्तराताईंनी घाई न करता, एकेक प्रकार पुढे धरून, त्यांच्याच हुंकारांतून शोधून घेतलं होतं. फोन उचलून त्या म्हणाल्या, "हं, बोल. दादा विचारतोय मुलगी कशी आहे." मी म्हटलं, झोपली आहे. "मग लाग कामाला."

मी ती एक ओळ पुसली. जुन्या आवृत्तीत उत्तराताईंचं सगळं जसंच्या तसं होतं. फक्त ते नव्या वाक्यांत, नव्या जागांशी एकेक करून पुन्हा बसवायचं होतं. हे काम यंत्राने केलं असतं तर मला ते इतकं दिसलं नसतं. हाताने लिहिताना दिसतं. वाक्याच्या माथ्यावर, आत येणार ते बाळ आहे. वजन: आकडा. जन्मवेळ: तारीख आणि वेळ. आईचं नाव: अक्षरं. रक्तगट: अक्षरं, आणि तोही कधी कधी रिकामा, तपासणी व्हायची असते म्हणून. किती विचारपूर्वक लिहिलं आहे बाईने, असं मनात आलं, आणि लगेच त्यांचं 'छे गं' आठवलं. त्यांनी काही ओळखलं नव्हतं. कल्याणच्या ह्या आजीला त्या कधी भेटलेल्या नाहीत. पाचवी, बारसं, नावाच्या जागी काही लिहू नये, हे काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्या फक्त कुठल्याच रिकाम्या जागेला बेवारशी सोडून पुढे जात नव्हत्या. मला वाटतं, पुढचं अचूक ओळखणाऱ्या माणसांचं मला जे कौतुक असतं त्यापेक्षा हे कौतुक वेगळं आहे, आणि ते करायला जास्त वेळ लागतो. मला तर त्यांच्याबरोबर कित्येक वर्षं एकाच ओळीत बसून, त्यांना हसून, मग हे कळलं. देवेशच्या 'काहीही'वर त्यांनी दिलेलं, सगळ्यांना हसवणारं उत्तरही ह्याच सवयीचं, आणि पोह्यांच्या झाकणावरची चिकटपट्टीही ह्याचीच. शेवटची जागा बाळाच्या नावाची होती. तिथे मी लिहिलं: अक्षरं. आतल्या खोलीत आसावरी झोपेतच काहीतरी बोलली. मी बोटं न उचलता थांबले. पुन्हा शांत. फाइल पाठवली. देवेशचा मेसेज आला, 'प्रत्येक जागेवर लिहिलंस?? बरं. मंजूर. अजून कासारवडवलीच.' आणि त्याच्याखाली, 'टेस्टमध्ये एक बिननावाचं बाळ कायमचं टाकून ठेवतो.' मी सिस्टरना फोन लावला आणि तो कानाशी धरून ओट्याला टेकून उभी राहिले. "आता दाबा." पिपपिप. मागे आजीचा श्वासही ऐकू येतोय असं वाटत होतं. "थांबा... फिरतंय... फिरतंय..." आणि मग सिस्टरचा आवाजच बदलला. "झालं! हिरवं आलं ओ. लेबल निघतंय. वजन आलं, एमएल आलं, आईचं नाव आलं. बाळाच्या नावापुढं काय नाय, नुसती रेघ." आणि मागून आजी, विजयी, "बघ! रेघच ऱ्हाऊ दे. मी काय म्हनत हुते?" सिस्टर हसत म्हणाल्या, "ताई, ठेवते. खिडकीवर जाते मी पळत."

फोन ठेवला आणि लॅपटॉप मिटला. डोळ्यांपुढे ती खिडकी होती, बाटली, लेबल, आणि त्याच्यावरची रेघ. आणि त्या रेघेच्या मागून, इतका वेळ मी जिला आत येऊ दिलं नव्हतं ती दुसरी रेघ आली. आमच्या शेजारच्या पेटीवरच्या कार्डाची. त्या पेटीतल्या बाळाची आई दिवा स्टेशनजवळची, माझ्याहून लहान. आम्ही दोघी दूध काढायच्या खोलीत शेजारी शेजारी बसायचो, पाठ भिंतीला, डोळे मिटून. ती मला एकदा म्हणाली होती, "आमचं नाव ठरलंय. पन सांगनार नाय. आत्या सांगंल त्याच्या कानात, मग सगळ्यांना." आणि असं म्हणताना तिने ओठ मिटून घेतले होते, तोंडात गोड काहीतरी धरून ठेवावं तसे. मी विचारलं नाही. विचारायचं नसतंच. एका सकाळी मी गेले तेव्हा त्या पेटीत नवी चादर होती, इतकी सपाट की हात फिरवून बसवलेली दिसत होती, आणि कार्ड मात्र अजून लटकत होतं. काढायचं राहिलं होतं. आईचं नाव, वजन, जन्मवेळ, आणि ती रेघ. दुपारपर्यंत तेही नव्हतं. मग काही दिवसांनी आसावरी घरी आली, तिचं बारसं झालं, आत्याने कानात सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, आणि मी त्या शेजारच्या बाळाच्या आईला पुन्हा कधी भेटले नाही. तिने ते नाव कुणाला सांगितलं असेल का, हे मात्र मला मधूनच वाटतं. अशाच, काहीच कारण नसलेल्या दुपारी.

"आई, तू कुणाशी बोलत होतीस?" आसावरी दारात उभी होती, एका गालावर उशीची घडी उमटलेली. मी तिला उचलून ओट्यावर बसवलं. तिने लगेच रिकामा डबा ओढून घेतला, आत तोंड घालून "ओऽऽ" केलं, आणि आतून आलेल्या आपल्याच आवाजावर खूश झाली. "ह्यात काय आहे?" "काही नाही. साखरेचा डबा आहे." तिने ओल्या बोटाने कण टिपून चाटले आणि ते बरोबर असल्याची खात्री करून घेतली. मग पुन्हा विचारलं, कुणाशी बोलत होतीस. मी सांगितलं, कलावती सिस्टरशी. एक छोटं बाळ आहे, त्याला दूध द्यायचं होतं. "मी होते तसं? काचेच्या घरात?" ही गोष्ट तिला पाठ आहे, ती रोज एकदा तरी ऐकायची असते. हो, तसंच. "त्याचं नाव काय?" अजून नाव यायचं आहे त्याचं. "माझंपण यायचं होतं?" हो, तुझंही यायचं होतं. मग आत्याने तुझ्या कानात सांगितलं. तिने स्वतःचा कान चिमटीत धरून पाहिला, ते अजून तिथे आहे का अशा थाटात. "आणि माझ्या शेजारच्या घरात कोण होतं?" हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. मीही तिथे कुणी होतं असं कधी सांगितलेलं नव्हतं. एक बाळ होतं, मी म्हटलं. मुलगा. "तो घरी गेला?" नाही गं. तो नाही गेला घरी. ती डब्यात बघत राहिली. माझ्या हातात झाकण होतं, मघाशी पडलेलं, मी ते उगाचच पदराला पुसत होते. "पण त्याचं नाव ठरलं होतं," मी म्हटलं, का म्हटलं कुणास ठाऊक. तिला काहीतरी द्यावं असं वाटलं म्हणून. "त्याच्या आईला माहीत होतं. बारशाला सांगणार होती." आसावरीने मान वर केली. ती विचार करते तेव्हा तिच्या खालच्या ओठाची पाकळी बाहेर येते, जन्मली तेव्हाही यायची, नळ्यांच्या आडून मला तेवढीच दिसायची.

"आई, मग त्याचं नाव आता कुणाकडे आहे?"